बेने इस्राएलांचे कीर्तन आणि प्रौढांचे धर्माध्ययन

धर्मशिक्षण ही बालवयात उरकून टाकावयाची गोष्ट असून संसाराचा भार खांद्यावर आल्यानंतर माणसाने फार तर नेमधर्म सांभाळावा, ही सर्वत्र रूढ झालेली समजूत निदान वऱ्हाडच्या इतिहासाला तरी मान्य होण्यासारखी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, श्रीचक्रधरस्वामींच्या पश्चात, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात जी महानुभाव शिष्यमंडळी एकत्र झाली, ती सारी वयाने व अनुभवाने पोक्त झालेली माणसे होती. त्यांत शास्त्रार्थात मुरलेले म्हाइंभट होते, स्वामींना अखंड प्रश्न विचारून त्यांच्याकडून निरूपण करवून घेणारी महदाइसा होती, आणि या सर्वांचा सांभाळ करणारे नागदेवाचार्य होते. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून स्वामींच्या आठवणी मिळविल्या, ज्याने जे पाहिले वा ऐकले ते त्याच्याच तोंडून वदवून घेतले, आचार्यांकडून ते पारखून घेतले, आणि त्या सामुदायिक स्मरणातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. हे ज्ञान संस्कृतात बांधले तर पंथातल्या भोळ्याभाबड्या बायाबापड्या त्याला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. प्रौढ माणसांनी एकत्र बसावे, आपल्या बोलीत प्रश्न करावे, ऐकलेले पुन्हा आठवावे, आणि त्या श्रवण-मननातून एका समाजाने आकार घ्यावा, ही रीत आमच्या मुलुखात अशी सात शतकांहून अधिक जुनी आहे.

हीच रीत महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका समाजाने, अगदी निराळ्या धर्मग्रंथासाठी आणि अगदी निराळ्या संकटात, स्वतःच्या बळावर कशी उभी केली, त्याचा वृत्तान्त वऱ्हाडच्या वाचकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो समाज म्हणजे कुलाब्याच्या (आजच्या रायगड जिल्ह्याच्या) किनाऱ्यावरील बेने इस्राएल, अर्थात मराठी बोलणारे यहुदी. अमरावतीत किंवा अकोल्यात त्यांचे प्रार्थनामंदिर कधी उभे राहिले नाही, आणि म्हणूनच की काय, त्यांची नावे आमच्या कानांवरून जात असली तरी त्यांच्या विद्येचा इतिहास आम्हांस जवळजवळ अपरिचित राहिला आहे. वास्तविक त्या इतिहासाचा सर्वांत तेजस्वी भाग कीर्तनाचा आहे, आणि कीर्तन म्हटले की वऱ्हाडच्या माणसाने परकेपणा मानण्याचे कारण उरत नाही.

या समाजाची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या बचावल्या, आणि सोबतचे धर्मग्रंथ, दप्तरे, चीजवस्त सारे समुद्राने गिळले. बचावलेल्यांनी मृतांना नवगावी मूठमाती दिली, आसपासच्या गावांत वस्ती केली आणि तेलाच्या घाण्याचा व्यवसाय पत्करला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. राहत्या गावांवरून त्यांना दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे मिळाली, मराठी त्यांची घरची भाषा झाली, आणि पोशाखात व खाण्यापिण्यात ते शेजाऱ्यांहून फारसे वेगळे उरले नाहीत. तथापि सुंता, शब्बाथाचा विसावा, खवले व पर नसलेल्या माशांचा त्याग आणि ईश्वराचे एकत्व सांगणारे ‘शेमा’ हे आद्य वचन, एवढी शिदोरी त्यांनी टाकली नाही. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण सण मात्र मराठी नावांनी चालू राहिले: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. पोथी नाही, गुरू नाही, मंदिर नाही, आणि तरीही वर्षाचे चक्र ठरलेल्या तिथींना फिरते आहे, अशी ही स्थिती होती. तीविषयी मला नेहमीच मोठा आदर वाटत आला आहे, कारण आचार जिवंत ठेवण्याचे श्रेय येथे कोणा पंडिताचे नसून घराघरांतल्या सामान्य माणसांचे आहे.

अशा समाजात विद्येचा पुनःप्रवेश झाला तो प्रौढांच्या द्वारे झाला. परंपरेने ज्याला दावीद राहाबी म्हटले आहे, त्या बाहेरून आलेल्या यहुदी गृहस्थाने हे लोक आपलेच आहेत अशी खात्री करून घेतल्यावर त्यांच्यातील तीन जाणत्या पुरुषांना निवडून धर्माचे पाठ दिले. झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतले ते तिघे पुढे ‘काजी’ या हुद्द्याने ओळखले जाऊ लागले. त्यांनी गावोगाव फिरावे, सुंता व विवाह लावावेत, तंट्यांचा निवाडा करावा, आणि हे काम बापाकडून मुलाकडे जावे, असा क्रम पडला. राहाबी नेमका कोणत्या शतकातला, याविषयी मतभेद आहेत. परंपरा त्याला पुष्कळ मागे नेते, तर अनेक अभ्यासक त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या प्रख्यात राहाबी घराण्याशी जोडतात. त्या घराण्यातील एझिकेल राहाबी याने १७६८ साली हॉलंडला पाठविलेल्या पत्रात मराठी मुलुखातल्या या तेल गाळणाऱ्या, काही शिपाईगिरी करणाऱ्या आणि शब्बाथ व ‘शेमा’ यांपलीकडे धर्माची फारशी माहिती नसलेल्या यहुद्यांचा उल्लेख केलेला आहे. गावातील समाजाची व्यवस्था मुकादम, चौगुला व काजी यांच्याकडे असे. म्हणजे मराठेशाहीतल्या गावगाड्याचा साचा या समाजाने आपल्या धर्मव्यवस्थेसाठीही निःसंकोचपणे उपयोगात आणला होता.

कंपनी सरकारच्या पलटणींत शिरल्यावर या समाजाचे पाऊल मुंबईकडे वळले. सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युएल एझिकेल दिवेकर असेही म्हणतात, ते कंपनीच्या फौजेत अधिकारपदास चढले. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात ते कैद झाले आणि सुटकेनंतर कृतज्ञतेने त्यांनी १७९६ साली मुंबईत ‘शाआर हारहामीम’ म्हणजे दयेचे द्वार हे प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्राएलांचे हे पहिले मंदिर होय. समाजाच्या बोलीत प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत, आणि ज्या रस्त्यावर ही वास्तू आहे त्याला आजही सॅम्युएल यांचे नाव आहे. मंदिर झाले, पण प्रार्थना चालविणारा कोण? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि हजानांनी ती उणीव भरून काढली. वयाने चाळीस-पन्नाशीला आलेले जमादार-सुभेदार हिब्रू अक्षरे गिरवू लागले, आणि दिवसभर पलटणीत हुकूम देणारा माणूस संध्याकाळी शिष्य होऊन बसू लागला.

येथे मिशनऱ्यांच्या कार्याची नोंद केल्यावाचून पुढे जाणे न्याय्य होणार नाही. १८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने आणि १८२९ साली आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांकडे विशेष लक्ष पुरविले, त्यांच्यासाठी शाळा काढल्या, आणि विल्सन यांनी तर १८३२ साली त्यांच्या उपयोगासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा उद्देश धर्मांतराचा होता, यात शंका नाही. परंतु घडले ते असे की, समाजातील फारच थोड्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि उरलेल्यांनी त्या शाळांतून हिब्रू उचलले, मराठीत उतरलेल्या जुन्या करारातून अब्राहाम, योसेफ, मोशे व दावीद यांची चरित्रे प्रथमच सविस्तर वाचली, आणि त्या सामग्रीचा उपयोग स्वतःचाच धर्म अधिक दृढ करण्याकडे केला. देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याची गरज भिन्न असूनही विद्या फुकट जात नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण अर्वाचीन महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

यानंतर ग्रंथनिर्मितीस आरंभ झाला. मिसर देशातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ पासोव्हर सणाच्या रात्री घरोघर वाचावयाचा जो हगादा नामक ग्रंथ, त्याची हिब्रू मूळ व मराठी भाषांतर असलेली शिळाछाप आवृत्ती १८४६ साली मुंबईत निघाली. १८७४ साली पुण्यास निघालेल्या आवृत्तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या लुगडे नेसलेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. हगाद्याची रचनाच मुळी प्रश्नोत्तरांची आहे: घरातल्या धाकट्याने प्रश्न विचारावे आणि वडील मंडळींनी कथा सांगून उत्तर द्यावे. मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर आधी बापाने शिकले पाहिजे, आणि मराठी भाषांतराची खरी गरज मुलाहून बापाला होती, असे मला वाटते. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) या विद्वानाने हे कार्य फार मोठ्या प्रमाणावर केले. मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे ते मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते, आणि त्यांनी नित्याच्या व सणावारांच्या प्रार्थना मराठीत आणून सर्वसामान्यांच्या हाती दिल्या. त्यांचे समकालीन हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली समाजासाठी शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्धीस आली. १८९७ साली त्यांनी इंग्रजीत लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास तब्बल चाळीस वर्षे हस्तलिखितात राहून अखेर १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला.

शाळा मुलांची झाली, ग्रंथ साक्षरांचे झाले. परंतु घाण्यावर, गिरणीत, रेल्वेत आणि कचेरीत राबणारा जो मोठा वर्ग, ज्याला हिब्रू येत नव्हते आणि मराठीही जेमतेम वाचता येत होते, आणि त्याच वर्गातल्या स्त्रिया, यांच्यापर्यंत धर्मकथा न्यावयाची कशी? या प्रश्नाला मिळालेले उत्तर अस्सल मराठी होते. १८८०च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ स्थापन करून बेने इस्राएलांत कीर्तनाचा उपक्रम सुरू केला. नारदीय कीर्तनाचा घाट त्यांनी मान्य केला. आरंभी परमेश्वराचे स्तवन, मग निरूपण, त्यानंतर आख्यान, आणि त्यात मधूनमधून साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग व पदे, हा सारा क्रम मराठी श्रोत्याच्या ओळखीचा होता. आख्यानविषय मात्र योसेफाचा बंधूंकडून झालेला विक्रय, मोशेची फारोशी झुंज, दावीदाचे राज्य, दानिएलाची सिंहांच्या गुहेतून सुटका, असे यहुदी धर्मग्रंथांतले असत. कीर्तनांची पुस्तके छापली गेली, आणि त्यांवरून इतरांना कीर्तन शिकण्याची सोय झाली.

या घटनेचे महत्त्व नीट ध्यानी घ्यावयाचे तर त्या काळाकडे पाहिले पाहिजे. १८६७ साली स्थापन झालेला प्रार्थना समाज मुंबईत अभंगांवर प्रवचने करीत होता, अहमदनगरकडील ख्रिस्ती मंडळींनी येशूच्या कथेसाठी कीर्तन स्वीकारले होते, आणि कीर्तन ही एका देवतेची वा एका जातीची मिरासदारी नसून सामान्य जनांस शिकविण्याची एक सर्वसमर्थ पद्धती आहे, हे महाराष्ट्रातले विचारी लोक एकाच वेळी अनेक ठिकाणी ओळखू लागले होते. यहुदी धर्मात मूर्तिपूजेचा निषेध अत्यंत कडक आहे. तेव्हा ज्या कलेचा जन्म मंदिरातल्या देवापुढे झाला ती उचलताना या मंडळींना विवेक करावा लागला असेलच, आणि त्यांनी तो फार स्वच्छपणे केला. छंद, चाल, टाळ आणि श्रोत्याला गुंतवून ठेवण्याची हातोटी त्यांनी घेतली, आणि उपास्य आपलेच ठेवले. दुसऱ्याच्या अंगणातून पाणी आणून आपल्या तुळशीला घालावे, तसे हे झाले. स्वत्व सोडल्याशिवाय शेजाऱ्याकडून शिकता येते, याचा इतका प्रसन्न पुरावा मला अन्यत्र आढळत नाही.

मुंबईत हे मंडळ निघाले त्या समयी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी १८७६ साली जन्मलेला परटाचा डेबू चार वर्षांचा होता. पुढे गाडगेबाबा म्हणून सर्व महाराष्ट्र ज्यांना ओळखू लागला त्या या निरक्षर महापुरुषाने कीर्तनाची पद्धत आणखी पुढे नेली. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, हजारोंच्या तोंडून उत्तरे घेत, आणि कर्ज, दारू, अस्वच्छता व देवापुढील पशुहत्या यांविषयीचा निर्णय श्रोत्यांकडूनच वदवीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेचा नेम वऱ्हाडच्या खेड्याखेड्यांत नेला, आणि १९५५ साली आलेल्या त्यांच्या ‘ग्रामगीते’चे वाचन दिवसभर शेतात राबलेल्या माणसांनी रात्री चावडीवर बसून केले. बेने इस्राएलांचा या दोन पुरुषांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तरी मुंबईच्या त्या कीर्तनकारांची आणि वऱ्हाडच्या या लोकशिक्षकांची पद्धती मुळात एकच आहे, आणि अमरावती-अकोल्याकडच्या ज्या माणसाने बाबांच्या कीर्तनातली प्रश्नोत्तरे ऐकली, त्याला हगाद्याच्या रात्रीची प्रश्नोत्तरे समजावून सांगावी लागणार नाहीत.

स्त्रियांनी ही चळवळ पुढे कशी चालविली, हे विशेष सांगण्यासारखे आहे. १९१३ साली मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन झाले. त्यामागे डॉ. जेरुशा झिराड यांचा पुढाकार होता. लंडनला वैद्यक शिकत असता झिराडबाईंना तेथील उदारमतवादी यहुदी मंडळींचा सहवास घडला होता, आणि प्रार्थनेत स्त्रीपुरुषांनी एकत्र बसावे, जे म्हणावयाचे ते समजून म्हणावे, या विचाराने त्यांनी १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही संस्था काढली. कामा रुग्णालयाची जबाबदारी सांभाळणाऱ्या या विदुषीने बाळंतपणे आणि धर्मचिंतन ही दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने केली. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या समकालीन रिबेका रूबेन (१८८९–१९५७) या १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. १९२२ ते १९५० एवढा दीर्घ काळ त्यांनी कदूरी शाळेचे प्राचार्यपद भूषविले आणि समाजाचे वार्षिकही संपादिले. १९१७ साली समाजाची परिषद भरू लागली आणि अखिल भारतीय इस्राएलाइट लीगही स्थापन झाली. परिषदेत व लीगमध्ये मतभेद पुष्कळ होते, त्यांचे तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. मात्र शिक्षण, गरिबांना साहाय्य, समाजाचे भवितव्य या विषयांवर कारकून, डॉक्टर, वकील, पेन्शनर अशी सर्व थरांतील माणसे जाहीरपणे बोलू लागली, हे श्रवणातून आलेल्या जाणतेपणाचेच फळ होते.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या भागात यहुद्यांच्या प्रौढ-अध्ययनाचे दोन मोठे प्रयोग झाले. तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी १९२० साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरी मुक्त अध्ययनगृह काढले. धर्मापासून दुरावलेल्या सुशिक्षित प्रौढांनी बाहेरच्या ज्ञानाकडून पुन्हा आपल्या ग्रंथाकडे यावे, असा तेथील क्रम होता. १९३३ नंतर मार्टिन बूबर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले आणि १९३८ साली नाझी राजवटीत ते बंद पडले. १९२३ साली व्हिएन्ना येथील परिषदेत रब्बी मेइर शापिरो यांनी तालमुद या धर्मग्रंथाचे रोज एकच पान जगभरच्या सर्व यहुद्यांनी एकाच दिवशी वाचावे, अशी योजना मांडली. २७११ पानांचे ते पारायण सुमारे साडेसात वर्षांत पुरे होते आणि लगेच नव्याने सुरू होते. आपल्याकडील हरिनाम सप्ताह आणि ज्ञानेश्वरीची पारायणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या योजनेचे मर्म सहज कळेल. फ्रँकफुर्टच्या प्रयोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ग्रंथापासून तुटलेल्या प्रौढांना त्यांच्या ग्रंथाकडे परत आणण्याचे काम मुंबईच्या चाळींतल्या मराठी यहुद्यांनी त्याआधी चाळीस वर्षे, कोणा तत्त्वज्ञाच्या आधारावाचून, टाळ आणि साकी घेऊन केले होते, ही गोष्ट त्या इतिहासात नोंदली गेली पाहिजे असे मी आग्रहाने म्हणतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात या समाजाची संख्या सुमारे वीस हजार होती. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथे १९६०नंतर काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली, तेव्हा या माणसांनी सत्याग्रहाने आपला हक्क मागितला, आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांची बरोबरी मान्य केली. आज महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्हा मिळून, काही हजारच माणसे उरली आहेत. २०१६ साली राज्य शासनाने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इस्राएलात गेलेल्या मराठी स्त्रियांनी आपली कीर्तने व गाणी तिकडेही म्हटली, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघाले. आईच्या भाषेत ऐकलेला धर्म नव्या देशातही त्याच भाषेत आठवावासा वाटावा, यात आश्चर्य नाही.

कीर्तनाच्या इतिहासावर मराठीत लिहिले जाते तेव्हा नारदीय, वारकरी, रामदासी अशी संप्रदायांची नावे येतात, आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा व तुकडोजी महाराज येतात, क्वचित ख्रिस्ती कीर्तनही येते, पण बेने इस्राएलांच्या कीर्तनाला त्यांत एखादे प्रकरण दिलेले मी पाहिले नाही. ज्या रिद्धपुरात मराठीतून धर्माध्ययनाचा पहिला मोठा उद्योग झाला, तेथेच आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. शिळाछाप हगादे, प्रार्थनांची भाषांतरे, अष्टमकरांच्या पिढीची कीर्तने आणि समाजाची जुनी नियतकालिके, हा सारा मराठी ऐवज परदेशातील ग्रंथालयांत आणि इथल्या घरांतल्या पेट्यांत विखुरला असून त्याचा कागद दिवसेंदिवस ठिसूळ होत चालला आहे. त्या विद्यापीठाने त्याच्या प्रती मिळवून त्यांची सूची करावी, आणि वाचकांपैकी ज्या कोणाच्या संग्रही असे एखादे पुस्तक असेल त्यांनी ते रद्दीत जाऊ न देता एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.